बंदिश बँडिट्स : राधे-तमन्ना राहू द्या, मोहिनीकडे बघा

ही मालिका २०२० च्या ऑगस्टमध्ये प्राइम व्हिडिओवर आली. तेव्हा माझ्या गाण्याच्या क्लासमधल्या मुलींच्या तोंडी एकच विषय होता, राधे आणि तमन्ना. जोधपूरचा घराणेदार गायक आणि पॉपवाली मुलगी. मुखवटा घालून तो चोरून तिच्याबरोबर गातो वगैरे. छान दिसतात दोघं, पण या प्रेमात फार काही नाही.

खरी गोष्ट राधेच्या आईची आहे. (पुढे कथा थोडी फुटेल.) मोहिनी लग्नाआधी उत्तम गाणारी. राठोडांच्या, म्हणजे राधेच्या घराण्यात सून म्हणून आली आणि तिचं गाणं बंद. त्यात दिग्विजय, म्हणजे पंडितजींचा (राधेच्या आजोबांचा) पहिल्या लग्नाचा मुलगा, तिचा जुना प्रियकर. तो दारात उभा राहतो तेव्हा मोहिनी झालेली शीबा चड्ढा काहीच ‘करत’ नाही, आणि तरी सगळं कळतं. घरातल्या गाण्यावर तिचा कान असतो. चूक ऐकू येते, पण बोलायची मुभा नाही. पुढे ती स्वतःच राधेला शिकवायला बसते. ते प्रसंग मी मागे नेऊन पुन्हा पाहिले.

यात अतिशयोक्ती वाटत असेल तर सूरबहार वाजवणाऱ्या अन्नपूर्णादेवी आठवा. १९४१ साली रविशंकरांशी लग्न, पुढे जाहीर वादन थांबलं ते थांबलंच. हरिप्रसाद चौरसिया, निखिल बॅनर्जी यांच्यासारखे शिष्य मात्र त्यांच्याकडे शिकले. मालिकेतलं दुखणं काही आकाशातून पडलेलं नाही.

नसीरुद्दीन शाह पंडितजी म्हणून जरब बसवतात. अतुल कुलकर्णीचा दिग्विजय मला जास्त भावला. खलनायक म्हणून आणलाय, पण बाजू त्याचीच खरी. मोहिनीचा नवरा (राजेश तैलंग) बिचारा कर्जाच्या हप्त्यांत अडकलेला. या नवरा-बायकोत नेमकं काय बोलणं होत असेल, ते दाखवायला मालिकेला सवडच नाही. तिथे मला आणखी दोन प्रसंग हवे होते, तमन्नाचे चार कापून.

पहिल्या पर्वाचं संगीत शंकर-एहसान-लॉय यांचं. ‘विरह’ शंकर महादेवननी गायलंय, ते एकदा तरी हेडफोन लावून ऐका. मात्र रियाज फारच चकचकीत. तानपुरा लावताना खुंटी किंचित फिरवून, मग मणी सरकवून, जवारीचा (तारेखालचा) दोरा नखाएवढा हलवून तार बोलती करावी लागते. तो वेळखाऊपणा इथे कुठेच नाही. सूर जन्मजात लागलेले. हे बघून क्लासमधल्या मुलींचे पालक मग विचारतात, ‘मॅडम, आमची स्टेजवर कधी गाणार?’ अहो, आधी खर्ज (खालच्या सुरांचा रियाज) भरू दे तिला!

गंडाबंधन (गुरूने शिष्याला धागा बांधणं), शुद्धीकरण हे सगळं जरा जास्तच नाट्यमय आहे. तरी पहिलं पर्व बघाच.

दुसरं पर्व (डिसेंबर २०२४) बँडच्या स्पर्धेत हरवतं. पण त्यात मोहिनी स्टेजवर येऊन गाते, म्हणून त्यालाही माझी हरकत नाही. फक्त शिव्या भरपूर आहेत. सासूबाई हॉलमध्ये असतील तर आवाज कमी ठेवा, नाहीतर त्या झोपल्यावर लावा.