साताऱ्यात सूट शिवून घेतला, फिटिंग एक नंबर
माझा डावा खांदा थोडा खाली आहे त्यामुळे रेडिमेड ब्लेझर एकही नीट बसत नाही, शेवटी भावाच्या लग्नासाठी मोती चौकाजवळच्या एका जुन्या मास्तरांकडे सूट टाकला. कापड माझंच, नेव्ही ब्लू, सव्वातीन मीटर. नुसती मापं घ्यायलाच अर्धा तास, उभा कसा राहतो तेपण बघितलं आणि वहीत लिहिलं. मी आधीच विचारलं आत फ्युजिंग (आकार धरायला गोंदानं चिकटवायचं कापड) चिकटवणार का कॅनव्हास (त्याच कामाचं, पण शिवून बसवायचं जाड कापड) लावणार, कारण आधीच्या ब्लेझरला ड्रायक्लीननंतर छातीवर फुगे आलेले, गोंद सुटला की येतातच. मास्तर म्हणाले कॅनव्हास लावतो, हातटाक्यांनी, पण पैसे आणि दिवस दोन्ही जास्त लागतील. पहिली ट्रायल कच्च्या टाक्यांवर, तिथंच खडूनं खूण करून खांदा उसवला आणि परत बसवला, हे बघूनच मन भरलं माझं! बाहीतून शर्टाचा कफ बरोबर अर्धा इंच दिसतो. तारीख मात्र आठ दिवस पुढं गेली, हळदीच्या आदल्या दिवशी सूट हातात, घरचे सगळे टेन्शनमध्ये. पॅन्टला आत दीड इंच जास्तीचं कापड सोडलंय, पुढं सैल करता येईल. जाणार असाल तर महिनाभर आधी जा.