गोलाईतलं काष्ठौषधींचं दुकान: माल चोख, तयार पुडी नको

लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. त्यातल्या कोणत्या तोंडाशी हे दुकान आहे ते लिहीत नाही, कारण खाली एक तक्रारही आहे.

मी आडतीवर मुनीम. सोयाबीनची हवा (म्हणजे ओल), माती, डाग बघण्यात दिवस जातो, त्यामुळं माल हातात घेतल्याशिवाय माझा विश्वास बसत नाही. डिप्रेशनसाठी मला एस्सिटॅलोप्राम चालू आहे. गोळीनं झोप लागली, भूक लागली, आडतीवर जाऊ वाटायला लागलं. तरी घरी आत्याचं पालुपद चालूच, "डोक्याच्या गोळ्या किती दिवस खातूस? झाडपाल्याचं काहीतरी बघ की." म्हणून इथं जाणं झालं.

आधी मालाचं सांगतो. अश्वगंधा चूर्णात घेऊ नका, मुळी मागा. चूर्णात काय कालवलंय ते कुणाच्या बापाला कळत नाही. इथली मुळी एकसारख्या जाडीची, आतून पांढरट, मोडली की कट्‌कन तुटते आणि नाकाशी धरली की घोड्याच्या तबेल्याचा वास येतो. माल नीमचच्या बाजारातला, असं दुकानाचे मालक, काका, म्हणाले. मोडून बघू दिली, ते आवडलं. तोलायच्या आधी काकांनी विचारलं, "मुनीमजी, दुसरी गोळी चालू हाय का? घरात कुणाला थायरॉइड?" बायकोला थायरॉइडची गोळी आहे म्हटल्यावर, "मग ताईंना देऊ नका, तुम्हीबी डॉक्टरला इचारूनच घ्या," म्हणाले. आपलाच माल कमी खपेल असं बोलणारा दुकानदार बाजारात विरळाच. डॉक्टरांचंही तेच म्हणणं पडलं: अश्वगंधेवर जे काम झालंय ते जास्त करून ताण आणि झोपेवर, डिप्रेशनसाठी पुरावा तोकडा, शिवाय काहींच्या लिव्हरला त्रास झाल्याच्या नोंदी आहेत.

जटामांसी महाग आहे आणि असणारच. हिमालयातली ही वनस्पती नामशेष व्हायच्या मार्गावर आहे, त्यामुळं स्वस्तात कुणी देत असेल तर भेसळ समजा. मी घेतली नाही. ब्राह्मी, शंखपुष्पी ठीक.

केशराचा हिशेब मी जागेवरच केला. सौम्य ते मध्यम डिप्रेशनवर रोज 30 मिलिग्रॅम देऊन चाचण्या झाल्यात, बऱ्याचशा इराणमध्ये आणि थोड्या लोकांवर. निकाल चांगले आले. महिन्याला ग्रॅमभर झालं. पण डबीतलं केशर खरं कशावरून? दुधात टाकलं आणि लगेच रंग सुटला की मी तर आधी शंका घेतो. इथलं हळूहळू रंगलं.

जवस मात्र डोळे झाकून घ्या. निवडलेलं, खडा नाही. आमच्याकडं चटणी असतेच, भाकरीबरोबर खावी. फक्त "मासळीच्या तेलाइतकंच काम करतं" ही पाटी काकांनी काढावी. मूडसाठी ज्या ईपीएचं (ओमेगा-3 चाच एक प्रकार) नाव घेतात ते मासळीच्या तेलात तयार असतं. जवसातल्या ओमेगा-3 पासून शरीर ते अगदी थोडं बनवतं. आणि आपल्यासारख्या माळकरी घरात बी-12 तपासून घेणं या सगळ्या बरण्यांच्या आधी यावं. ते कमी असलं तरी थकवा येतो, मन उदास राहतं, पायाला मुंग्या येतात. वरण-भाकरीत ते नसतं, दूध-दह्यात थोडं असतं. माझं कमीच निघालं.

आता तक्रार. गल्ल्यावर काकांचा पुतण्या होता तेव्हा त्यानं "टेन्शनवर" म्हणून कॅप्सूलची डबी पुढं केली. लेबलवर ना घटक, ना परवाना नंबर, ना बॅच. आयुर्वेदिक औषधावर हे लिहावंच लागतं. वर म्हणाला, "ही चालू करा आणि त्या गोळ्या आजच बंद करा." आजच! ती गोळी एकदम सोडली तर चक्कर येते, डोक्यात करंट बसल्यासारखे झटके येतात. सोडायची तर डॉक्टर डोस हळूहळू उतरवतात. शेजारी सेंट जॉन्स वर्टची परदेशी बाटलीही होती. सौम्य डिप्रेशनवर या झाडाचा उपयोग होतो, हे खोटं नाही. पण एस्सिटॅलोप्रामसोबत घेतलं तर सेरोटोनिन हे मेंदूतलं रसायन फार वाढून घाम, थरथर, ताप, छातीत धडधड, प्रसंगी जिवावर बेततं. रक्त पातळ करायच्या आणि गर्भनिरोधक गोळ्यांचा असरही ते कमी करतं. पुतण्यानं यातलं एक अक्षर काढलं नाही, मला कोणती गोळी चालू आहे तेही विचारलं नाही. ज्याच्या मनात जिवाचं बरंवाईट करायचे विचार येतायत असा माणूस या काउंटरवर आला तर? त्याच्यासाठी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. जवसाच्या पाटीजागी तोच लावा म्हणून काकांना सांगून आलोय.

पाचपैकी साडेतीन. अर्धा पुतण्यामुळं गेला, एक त्या डबीमुळं. पावती मागितल्याशिवाय देत नाहीत, मागा. आणि सकाळीच जा, तेव्हा काका स्वतः गल्ल्यावर असतात. जेवायला घरी गेले की चारपर्यंत पुतण्याचं राज्य.