आठ महिने डीह्युमिडिफायर वापरून: किडी गेल्या, पण पडद्यावरचा आकडा खोटा

हवेतली ओल शोषून घेणारं हे यंत्र मी घेतलं ते फक्त पुस्तकांच्या कपाटातल्या बुकलाईससाठी. जेमतेम मिलिमीटरभर, पांढुरकी कीड; पान उलटलं की थबकत थबकत शिवणीकडे पळते. चावत नाही, कसरीसारखी कागद कुरतडत नाही, पण ओलीवर धरलेली बुरशी आणि बांधणीतली खळ खाते. दोनदा औषध फवारलं. पंधरा दिवसांत पुन्हा तेच, कारण भिंतीतली ओल आणि बुरशी जागच्या जागी होती.

पहिले दोन महिने टाकी रोज भरत होती, पडद्यावर आर्द्रता ५० टक्के दिसत होती आणि किडी मात्र हटत नव्हत्या. इथेच माझं डोकं फिरलं. हवा साठ टक्क्यांच्या खाली राहिली तर या किडींच्या अंगातलं पाणी हळूहळू उडतं आणि काही आठवड्यांत त्या मरतात. मग पन्नासला जगतात कशा?

हवेतली आर्द्रता मोजणारा वेगळा मीटर, म्हणजे हायग्रोमीटर, आणला. आधी त्याचीच परीक्षा घेतली: बाटलीच्या झाकणात मीठ, त्यावर थेंबभर पाणी, मीठ विरघळू न देता नुसतं ओलसर, ते आणि मीटर हवाबंद डब्यात रात्रभर. ७५ दिसायला हवं, ७४ दिसलं. तोच मीटर यंत्रावर ठेवला तर ५६, कपाटामागे ६७! सर्व्हिसवाल्याने दोनदा येऊन ‘सेन्सर ओके आहे’ एवढंच लिहून दिलं. मिठाचा डबा बघायलाही तयार नाही. याचा राग अजून गेलेला नाही.

तेव्हा एकच तारा देणार होतो. पण खरं सांगायचं तर सहाचा फरक यंत्राचा, उरलेले अकरा माझ्या मांडणीचे. कपाट गार भिंतीला चिकटलेलं, मागे हवा खेळतच नव्हती. वीतभर पुढे ओढलं, सेटिंग ४० वर आणलं. वीज जास्त जाते, ते खटकतंच. पण कपाटामागे आता ५३ च्या वर जात नाही.

अंडी उशिरा फुटतात म्हणून आणखी दोन महिने यंत्र बंद केलं नाही. घरात सर्रास सापडणाऱ्या जातीत नर लागतच नाही, एकटी मादी पुरते. काल खालच्या खणातला जुना शब्दकोश पांढऱ्या कागदावर झटकला. धूळ पडली, हलणारं काही नव्हतं.

यंत्राला तीन तारे. हायग्रोमीटर मात्र वेगळा घ्याच.