पाणी घरंगळलं म्हणजे टेंट वॉटरप्रूफ नव्हे

रेवस ते रेड्डी हा सागरी रस्ता सायकलने करणारे हल्ली बरेच दिसतात. त्यांच्या मागोमाग त्यांना सामान विकणारेही आले. पॅनिअर (कॅरिअरच्या बाजूंना लटकवायच्या पिशव्या), दिवे, हवेच्या गाद्या, आणि अर्थातच टेंट. यातल्याच एकाने मला टेंट विकताना कसं गंडवलं, ते सविस्तर लिहिते आहे. सविस्तर अशासाठी, की माल घरी आल्यावर उघडून, लावून, वर पाणी ओतून बघणारा माणूसही या युक्तीत सापडतो.

जाहिरात समाजमाध्यमावरच्या एका पानावर होती. भावाने दुबईहून आणलेला, एकदाही न वापरलेला, दोन माणसांचा टेंट. ॲल्युमिनियमचे पोल, वजन २ किलो १०० ग्रॅम, '१०,००० मिमी वॉटरप्रूफ'. मूळ किंमत १४,००० रुपये, आपल्याला ६,५००. सोबत व्हिडिओ: पांढऱ्या टाइल्सच्या बाल्कनीत निळा फ्लाय (टेंटवर घालायचं, पाऊस अडवणारं बाहेरचं कापड) ताणलेला, त्यावर कुणीतरी तांब्याने पाणी ओततंय आणि पाण्याचे मोती होऊन ते सरसर खाली घरंगळतंय. कापड ओलं म्हणून होत नाही.

पैसे यूपीआयने आधी, माल कुरिअरने. बिल मागितलं तर म्हणाला, "ताई, घरगुती वस्तू आहे, बिल कुठून आणू?"

खोका उघडला तेव्हा डांबरगोळ्यांचा वास नाकात गेला. फ्लायच्या आतल्या बाजूला पांढरी पावडर होती. विचारलं, तर उत्तर तयार होतं: "नव्या मालाला मारलेली असते, कापड एकमेकाला चिकटू नये म्हणून." गच्चीत टेंट लावला, बादलीभर पाणी ओतलं, अगदी व्हिडिओतल्यासारखंच घरंगळलं. वजन मात्र वाण्याच्या काट्यावर ३ किलो ४०० ग्रॅम भरलं. "पिशवी नि खुंट्या धरून तेवढं होणारच." सव्वा किलोच्या खुंट्या! किनाऱ्याचा रस्ता नकाशात सपाट दिसतो म्हणून कुणी हे वजन क्षुल्लक समजू नये. इथे दर खाडीला उतरायचं आणि पलीकडे पुन्हा दम काढणारा चढ चढायचा.

दिवाळीआधी भाच्याला घेऊन दापोलीकडून निघाले. दाभोळला फेरीबोटीत सायकली चढवल्या, धोपाव्याला उतरलो आणि गुहागरमार्गे वेळणेश्वरला पोचलो. तिथे एका वाडीत विचारून टेंट लावला, माडांपासून लांब. (नारळ सोडाच, वरून सुटलेला झापही टेंट फाडायला पुरतो.) घरच्या काकू म्हणाल्या, "गडगडतंय हो, पडवीत झोपा." पण नवा टेंट असताना पडवीत कोण झोपणार?

पाऊस आला तो परतीच्या पावसासारखाच, वाऱ्यासकट. आधी वरच्या शिवणीतून थेंब पडू लागले. मग शिवण नसलेल्या जागीही कापड आतून भिजलं आणि पाणी इनरवर, म्हणजे आतल्या कापडी खोलीवर, ठिबकायला लागलं. इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुष्कळ जण यात गफलत करतात. किनाऱ्यावरच्या दमट हवेत रात्री फ्लायच्या आतून दव साचतंच. चांगल्या टेंटमध्येही साचतं, पाऊस नसतानाही साचतं. पण ते सगळ्या कापडावर सारखं, बारीक पसरतं, आणि झरोके उघडे ठेवले की कमी होतं. म्हणून तर आपल्याकडे एकेरी कापडाचा टेंट घेऊ नये, इनर आणि फ्लाय वेगळे हवेत. शिवणीतून धार लागते ते दव नव्हे. थोड्या वेळाने वाऱ्याच्या एका झोताबरोबर पोल कडकन मोडला आणि आम्ही सामान उचलून पडवीत गेलो. काकू एक शब्द बोलल्या नाहीत, फक्त दोन चटया टाकल्या.

सकाळी फ्लाय पडवीतल्या दोरीवर उलटा टाकला आणि सगळी हकीकत उलगडत गेली. पावडरीचा चिखल झाला होता. त्याखालचा लेप बोटाला चिकट लागत होता आणि कोंड्यासारखे पांढरे कपटे होऊन सुटत होता. डांबरगोळ्यांचा वास धुऊन गेल्यावर खरा वास वर आला, आंबूस, ओकारीसारखा. शिवणींवरची पट्टी जागोजाग सुटून वळली होती. कंपनीच्या लेबलभोवती सुईच्या जुन्या भोकांची आणखी एक चौकट दिसत होती, म्हणजे तिथे आधी दुसरंच लेबल होतं. तळाच्या एका कोपऱ्यात मार्करने लिहिलेला आकडा घासून पुसलेला, तरी १४ वाचता येत होता. मोडलेल्या पोलचा चंदेरी रंग नखाने निघाला. आत फायबरग्लास. त्याचं कुसळ भाच्याच्या बोटात गेलं. ते काढून झाल्यावर त्याने पोल जिथून ओवतात त्या कापडी नळीत बोट घातलं आणि एक सुकलेली, हिरवट-तपकिरी काडी बाहेर काढली. "मावशी, दुबईत सुरूचं बन असतं?"

बीच कॅम्पवाल्यांकडे भाड्याचे टेंट सुरूच्या बनात हंगामभर उभे असतात. त्यांना असे आकडे घातलेले असतात. ऊन, खारं वारं, ओलं असतानाच गुंडाळून कोंबणं, यात ते लवकरच निकामी होतात. आमचा टेंट तिथलाच मोडीत काढलेला माल होता, माझी तरी खात्री आहे.

मग पाणी घरंगळत कसं होतं? खरी मेख इथेच आहे. टेंटच्या कापडाला दोन वेगळी संरक्षणं असतात. बाहेरून पाणी झटकणारा पातळ थर असतो, त्यामुळे पाण्याचे मोती होतात. आतून पॉलियुरेथेनचा, म्हणजे पीयूचा लेप असतो, आणि खरं पाणी तोच अडवतो. बाहेरचा थर स्प्रेच्या डब्यातून कुणालाही नव्याने मारता येतो. आतला लेप ओल आणि उष्णता एकत्र मिळाली की हळूहळू विघटित होतो, चिकट होतो, आंबूस वास मारतो आणि सुटतो. एकदा बिघडला की तो मूळ पदावर येत नाही. आमच्या विक्रेत्याने बाहेरून स्प्रे मारला, आतला चिकटपणा पावडरने झाकला, वास डांबरगोळ्यांनी मारला. वरून ओतलेलं पाणी घसरून जातं, त्याचा कापडावर दाब पडत नाही. पावसात वाऱ्याने आपटणारे थेंब दाब देतात, मग आतला लेप नसेल तर पाणी आत येणारच.

'मिमी'चा आकडाही समजून घ्या. कापडावर पाण्याचा स्तंभ उभा करतात आणि किती उंचीला कापडातून पाणी झिरपू लागतं ते मोजतात. ३००० मिमी म्हणजे ३ मीटर उंचीचं पाणी पेललं. चांगल्या टेंटच्या फ्लायला साधारण १५०० ते ३००० मिमी सांगतात आणि ते पुरतं. तळाला जास्त लागतं, कारण आपल्या गुडघ्या-कोपरांचा दाब त्यावर येतो. स्वस्त टेंटवर कुणी १०,००० छापलं असेल, तर छपाई स्वस्त असते एवढंच लक्षात ठेवायचं.

विक्रेत्याला फोन केला. तो चिडला नाही, उलट समजूत काढल्यासारखा बोलला. "समुद्राकाठी वापरलात ना ताई? खाऱ्या हवेने होतं तसं. गोड्या पाण्याने धुवायला पाहिजे होतात." या उत्तरासाठीच हे सगळं लिहिते आहे. निगा राखली नाही, हे कारण ऐकलं की ग्राहक स्वतःलाच दोष देत गप्प बसतो. तर खाऱ्या हवेने काय होतं ते नीट पाहू. टेंटच्या चेनचा, म्हणजे झिपचा, धातूचा सरक गंजतो. वाळू दात्यांमध्ये अडकून सरक झिजतो, मग चेन लागते पण मागून उघडी राहते. ॲल्युमिनियमच्या पोलच्या सांध्यांवर पांढरी भुकटी धरते. कापडात राहिलेलं मीठ हवेतली ओल ओढतं, त्यामुळे टेंट वाळल्यासारखा वाटला तरी आतून सर्द राहतो, बुरशी येते आणि कालांतराने लेप जातो. या सगळ्याला महिने लागतात. एका रात्रीत लेपाचे कपटे होत नाहीत आणि फायबरग्लासवर चंदेरी रंग चढत नाही.

निगा राखायचीच, फसवणूक झाली म्हणून ती सोडायची नाही. किनाऱ्यावरून आल्यावर टेंट उलटा करून वाळू झटका. चेनचे दाते जुन्या टूथब्रशने साफ करा. गोड्या पाण्याने हाताने धुवा. कपड्यांची पावडर नको, वॉशिंग मशीन तर मुळीच नको. सावलीत वाळवा, कारण उन्हाने कापड कुजतं, नायलॉन तर पॉलिएस्टरपेक्षा लवकर. शिवणी सर्वांत शेवटी वाळतात, त्यांना हात लावून बघा. मग करकचून आवळलेल्या पिशवीत न ठेवता जुन्या सुती अभ्र्यात सैल ठेवा. आपल्याकडे जून ते सप्टेंबर कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते, तेव्हा मध्ये उघडीप मिळाली की टेंट बाहेर काढून वारा द्या. खाली अंथरायचं प्लास्टिक टेंटच्या तळापेक्षा थोडं लहान हवं. बाहेर डोकावलं तर पावसाचं पाणी तेच गोळा करून तुमच्या पाठीखाली आणतं. पुळणीत खुंट्या धरत नाहीत, तिथे दोरीला काठी बांधून ती आडवी पुरायची. कातळावर खुंट्या शिरतच नाहीत, म्हणून स्वतःच्या पोलवर उभा राहणारा टेंट घ्या आणि दोऱ्या जांभ्याच्या चिऱ्यांना बांधा.

घेताना काय बघायचं? पाणी ओतल्याचा व्हिडिओ नको, फ्लायच्या आतल्या बाजूचा आणि शिवणीचा जवळून फोटो मागा. माल आल्यावर आतली बाजू घडी करून एकमेकीला दाबा आणि सोडवा. चिकटली की परत पाठवा. नाक लावून वास घ्या. पोलच्या सांध्याला फ्रिजवरचं चुंबक लावा, ॲल्युमिनियमला ते धरत नाही. पोलचं टोक बघा: ॲल्युमिनियमचा पोल पातळ भिंतीची नळी असतो, फायबरग्लासची भिंत जाड आणि भोक बारीक. फायबरग्लासचा टेंट वाईटच असतो असं नाही, पण तो त्याच नावाने आणि त्याच किमतीला मिळायला हवा. पोलचे तुकडे किती लांब आहेत तेही विचारा, हँडलबारला आडवे बांधायचे तर लांब तुकडे ब्रेकच्या केबलला अडतात. आणि पाणी ओतायचंच असेल, तर फ्लायच्या कापडाची खोलगट झोळी करून त्यात पाणी भरा, रात्रभर ठेवा आणि खालून हात फिरवा.

कायद्याचं थोडक्यात. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते, विक्रेत्याच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. मुदत दोन वर्षं. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. पैसे घेऊन माल पाठवलाच नाही अशी ऑनलाइन फसवणूक असेल, तर वेळ न दवडता १९३० वर फोन करा. पण आयोगात तक्रार करायला समोरच्याचं नाव-पत्ता लागतो, आणि बिल न देण्यामागचं खरं कारण तेच. पॅकबंद मालावर उत्पादकाचं किंवा आयातदाराचं नाव, पत्ता आणि कमाल विक्री किंमत छापलेली असावी लागते. माझ्या खोक्यावर यातलं काही नव्हतं. माझ्याकडे यूपीआयची नोंद, कुरिअरची पावती आणि त्याचे संदेश आहेत, तेवढ्यावर तक्रार केली आहे.

मला ब्लॉक केल्यावर ते पान गायब झालं. आता त्याच पांढऱ्या टाइल्स, तोच निळा फ्लाय आणि तोच तांब्या दुसऱ्या नावाच्या पानावर आहे, यावेळी टेंट भावाने नाही तर मेहुण्याने आणलेला. भाच्याने तिथे गिऱ्हाईक बनून शिवणीचा आतून फोटो मागितला. उत्तर आलं: "स्टॉक संपत आलाय सर, आज बुक केलात तर पाचशे कमी करतो."