थंड भट्टीच्या माथ्यावर : ड्यूसबुर्गच्या बंद लोखंड कारखान्याची भेट

बंद पडलेल्या कारखान्यांत शिरून ते पाहण्याचा छंद हल्ली बऱ्याच देशांत फोफावला आहे. कुंपणाची तार वाकवायची, रखवालदाराची नजर चुकवायची, गंजलेल्या यंत्रांची छायाचित्रे काढायची आणि अंधार पडण्यापूर्वी बाहेर यायचे, असा हा प्रकार असतो. मी नोकरीची सारी वर्षे कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतील एका फौंड्रीत, म्हणजे लोखंड ओतण्याच्या कारखान्यात, काढली असल्यामुळे मला या छंदाचे आकर्षण कमी आणि धास्तीच जास्त वाटते, कारण गंजलेली जाळी वरून शाबूत दिसत असतानाच पायाखालून कशी निसटते, हे ज्याने एकदा पाहिले आहे तो अनोळखी शेडमध्ये मोबाइलच्या उजेडात फिरायला जात नाही. जर्मनीत डुसेलडॉर्फला राहणारी आमची मुलगी जेव्हा म्हणाली, “बाबा, इथे एक बंद कारखाना आहे, आणि त्यात राजरोस जाता येतं,” तेव्हा मी प्रथम नाहीच म्हणालो होतो. तिथे आता दोनदा जाऊन आल्यावर हे परीक्षण लिहीत आहे.

ठिकाणाचे नाव लांडशाफ्ट्सपार्क ड्यूसबुर्ग-नोर्ड. जर्मनीच्या रूर खोऱ्यात, ड्यूसबुर्ग शहराच्या माइडरिश भागात आऊगुस्ट थिसेन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी उभारलेला हा लोखंड कारखाना. पहिली झोतभट्टी, म्हणजे खनिजापासून लोखंड बनवणारी उंच भट्टी, १९०३ मध्ये पेटली आणि शेवटची ४ एप्रिल १९८५ रोजी थंड झाली. युरोपात पोलादाचे उत्पादन मागणीपेक्षा फार वाढले होते, त्याचा हा बळी. पाडून टाकण्याचा विचार पुढे आला तेव्हा स्थानिक नागरिकांनी विरोध केला, आणि एमशर नदीच्या खोऱ्याचा कायापालट करण्याची जी मोठी योजना १९८९ मध्ये सुरू झाली तिच्यात या जागेचा समावेश झाला. आराखडा पेटर लाट्स यांचा. १९९४ मध्ये उद्यान लोकांसाठी खुले झाले. लाट्स यांनी कारखाना सजवला नाही, तो जागेवर ठेवला, आणि माझ्या मते या ठिकाणाचे सर्वांत मोठे यश त्यातच आहे.

प्रवेशाला तिकीट नाही, आणि उद्यान दिवसरात्र उघडे असते. ड्यूसबुर्गच्या मुख्य रेल्वे स्थानकावरून ९०३ क्रमांकाची ट्राम उद्यानाच्याच नावाच्या थांब्यावर सोडते. तिथून थोडे चालले की झाडांच्या वरून भट्ट्यांचे माथे दिसू लागतात. पैसे मोजावे लागतात ते वाटाड्यासह फेरी घ्यायची असेल तर.

सर्वांत आधी पाच क्रमांकाची झोतभट्टी चढावी. सुमारे सत्तर मीटर उंचीच्या मचाणापर्यंत लोखंडी जिने आहेत आणि वाटेत प्रत्येक टप्प्यावर थांबायला जागा आहे. जाळीच्या पायऱ्यांतून खालची जमीन दिसत राहते, त्यामुळे ज्यांना उंचीची भीती आहे किंवा ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी खालच्या टप्प्यावरच समाधान मानावे. माझ्या सौभाग्यवतींनी तसे केले आणि त्यांचे काही अडले नाही. मी मात्र वरपर्यंत गेलो, कारण कच्चा माल ज्या वाटेने जातो ती वाट मला पायांनी चालून पाहायची होती. आमच्या फौंड्रीत आम्ही आयते पिग आयर्न, म्हणजे झोतभट्टीतून निघणारे कच्चे लोखंड, आणि भंगार विकत घेऊन वितळवत असू. त्या पिग आयर्नचा जन्म कसा होतो हे आम्ही पुस्तकात वाचलेले, डोळ्यांनी पाहिलेले नव्हते. इथे ते क्रमाने उलगडते: खाली खनिजाच्या बंकरांची, म्हणजे साठवणीच्या काँक्रीटच्या कोठ्यांची, रांग, तिथून खनिज, कोक (दगडी कोळशापासून केलेले इंधन) आणि चुनखडी वर नेणारा तिरका पूल, माथ्यावर भट्टीचे तोंड, बाजूला कोवपर नावाचे उंच गोल बुरूज, ज्यांत हवा हजार अंशांच्या आसपास तापत असे, आणि ती हवा भट्टीभोवतीच्या जाडजूड गोल नळातून ट्युयर नावाच्या तोट्यांवाटे आत घुसवण्याची व्यवस्था. वरून निघणारा वायूसुद्धा वाया जात नसे. धूळ काढून तोच पुन्हा कोवपर तापवण्यासाठी जाळला जाई. आमचा जुना क्युपोला, म्हणजे लोखंड वितळवण्याची छोटी उभी भट्टी, या राक्षसाचा नातू म्हणावा असा होता. नातवाला मी जन्मभर ओळखत होतो, आजोबांची भेट निवृत्तीनंतर झाली.

या कारखान्याची एक गोष्ट फौंड्रीवाल्यांना विशेष भावेल. वेगवेगळ्या घटकांचे प्रमाण सांभाळून अनेक प्रकारचे खास पिग आयर्न इथे बनत असे, म्हणून माइडरिशच्या कारखान्याला “रूरचे औषधालय” असे टोपणनाव मिळाले होते. सिलिकॉन थोडा वाढला, मँगेनीज थोडे घटले, की बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, स्वभाव कसा पालटतो हे ज्याने निकामी झालेल्या ओतीव मालाच्या ढिगापुढे उभे राहून शिकले आहे, त्याला हे नाव गमतीचे वाटणार नाही, नेमके वाटेल.

ओतण्याच्या शेडमध्ये मी सर्वाधिक वेळ थांबलो. वितळलेले लोखंड बाहेर सोडणारे भट्टीचे छिद्र, तिथून निघणारा मुख्य पाट, लोखंडाचा रस एकीकडे आणि वर तरंगणारी मळी दुसरीकडे वळवणारी फूट, सारे जागच्या जागी आहे. एका शेडमध्ये उन्हाळ्यात उघड्यावर चित्रपट दाखवतात. कल्पना वाईट नाही. तथापि इथेच या ठिकाणाची मर्यादाही जाणवते. जिथे वितळलेल्या रसाच्या धगीने चेहरा भाजून निघत असे, तिथे आज गार वारा वाहतो. ब्लोअरचा आवाज नाही, गंधकाचा वास नाही, घामाने भिजलेला माणूस नाही. यात व्यवस्थापनाचा दोष नाही, कारण ही उणीव कोणीच भरून काढू शकत नाही. पण ज्यांनी चालू भट्टी कधी पाहिलेली नाही अशा पाहुण्यांना हा कारखाना शिल्पासारखा भासण्याचा संभव आहे. म्हणून वाटाड्यासह फेरी जरूर घ्यावी असे मी सुचवीन. नेहमीच्या फेऱ्या जर्मनमध्ये असतात. आम्हाला मुलीने दुभाषेपण केले.

बाकीच्या गोष्टी उत्साही तरुणांसाठी आहेत. जुन्या गॅस साठवण्याच्या टाकीत पाणी भरून पाण्याखाली डुबकी मारणाऱ्यांसाठी केंद्र केले आहे. टाकीचा व्यास सुमारे ४५ मीटर, पाण्याची खोली १३ मीटर, आणि तळाशी बुडालेले जहाज वगैरे ठेवले आहे. खनिजाच्या बंकरांच्या काँक्रीटच्या भिंतींवर गिर्यारोहक दोर लावून चढतात. काही बंकरांत बागा फुलवल्या आहेत, आणि हा भाग मात्र कोणीही चुकवू नये: छत नसलेल्या काँक्रीटच्या खोलीत नेटकी रोपे, आणि भिंतींवर खनिजाचा तांबूस डाग अजून तसाच. जवळच ४९ जाड लोखंडी पत्रे चौरसात मांडलेला चौक आहे. एकेक पत्रा सात-आठ टनांचा, मूळचा ओतकामाच्या जागेतला. तापण्या-निवण्याच्या फेऱ्यांनी त्यांच्यावर उमटलेल्या खुणा मी वाकून पाहत बसलो, तेव्हा शेजारून जाणाऱ्यांनी माझे काहीतरी हरवले आहे असे समजून चौकशी केली.

पूर्वी एमशरच्या उघड्या पात्रातून या परिसरात सांडपाणी वाहत असे. आता ते जमिनीखालच्या नळातून जाते आणि वरच्या पात्रात पावसाचे पाणी खेळवले आहे. मातीतील प्रदूषणाचा निकाल मात्र पूर्ण लागलेला नाही. काही दूषित माती जुन्या बंकरांतच बंद करून ठेवली आहे. ती ट्रकांत भरून दुसऱ्या कोणाच्या दारात नेऊन टाकण्यापेक्षा हे मला प्रामाणिकपणाचे वाटले.

आवारात उपाहारगृह आहे. कॉफी घेऊन बसायला ठीक, शाकाहारी मंडळींनी डबा न्यावा. पायात घट्ट बूट हवेत, पावसात जिने निसरडे होतात, आणि लहान मुलांचा हात वर जाताना सोडू नये. शनिवार-रविवारी रात्री जोनाथन पार्क यांनी १९९६ मध्ये योजलेले रंगीत दिवे लागतात आणि सारा कारखाना हिरवा-निळा-लाल दिसू लागतो. छायाचित्रे सुंदर येतात. मला स्वतःला तो देखावा थोडा लग्नमांडवासारखा वाटला, परंतु घरातल्या इतर तिघांचे मत माझ्याविरुद्ध होते.

माझी शिफारस दुपारी उशिरा पोहोचण्याची आहे, म्हणजे बंकर आणि ओतण्याची शेड उजेडात पाहून होतात आणि दिवे लागण्याच्या वेळी भट्टीच्या माथ्यावर असता येते. तिथून ऱ्हाइनच्या दिशेला पाहिले तर ड्यूसबुर्गचे चालू पोलाद कारखाने दिसतात. आम्ही वर होतो तेव्हा तिकडून वाफेचा एक भलामोठा पांढरा लोट उठला. तापलेला कोक पाण्याने विझवत असावेत. मचाणावरचे सगळे लोक खालच्या दिव्यांकडे पाहत होते, आणि मी वाफ विरेपर्यंत तिकडे.