पंपाला अर्धा आटा द्यावा का? 45 एचपी ट्रॅक्टर, हंगामभर वापरून

मागच्या आठवड्यात चुलतभावाच्या ट्रॅक्टरची क्लच प्लेट जळाली आणि शोरूमवाल्यांनी वॉरंटीला सरळ नकार दिला. तेव्हापासून घरात रोज एकच विषय. त्याच्या आणि माझ्या ट्रॅक्टरचं मॉडेल एकच आहे. माझा जुना, त्याचा नवा. त्याने इंजिनाला डिझेल देणाऱ्या पंपाचा स्क्रू फिरवून इंजिनाची ताकद वाढवून घेतली, मी घेतली नाही. दोन्ही ट्रॅक्टर मोहोळ तालुक्यात सीनेकाठच्या एकाच काळ्या रानात राबतात, त्यामुळे तुलना आपोआपच होत गेली.

मॉडेलचं नाव लिहीत नाही, नाहीतर खाली ब्रँडची भांडणं सुरू होतील. 45 एचपी, तीन सिलिंडर, टर्बो (इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) नाही, मागे 13.6-28 टायर. एवढ्यावर निम्म्या तालुक्याचा ट्रॅक्टर डोळ्यांसमोर येतो. बाकी ब्रोशर सगळ्यांना पाठ आहे.

विषय सुरू झाला खोडवा, म्हणजे तोडणीनंतर पुन्हा फुटलेला ऊस, मोडताना. उसाची बुडखी, खाली भारी चिकट रान आणि मागे दोन फाळाचा पल्टी नांगर. माझा ट्रॅक्टर दबायला लागला. पूर्वी ज्या गिअरला निघायचा तो सोडून एक गिअर खाली यावं लागायचं. गावातला मिस्त्री म्हणाला, "बांधावरच करून देतो. पंपाच्या स्क्रूला अर्धा आटा दिला की पाच एचपी कुठं गेले न्हाईत." चुलतभावाने त्याच दिवशी करून घेतलं. खोटं कशाला बोलू, फरक जाणवला. रेस दिली की इंजिन लगेच उचलायचं, नांगर लागला तरी आवाज खाली यायचा नाही. सायलेन्सरमधून काळा धूर निघायचा, पण गावात त्यालाच ताकद म्हणतात.

मी पंप काढून सोलापूरला नेला, कारण बांधावर किती वाढवलं ते मोजायला काही नसतं आणि न मोजता डिझेल वाढवणं माझ्या स्वभावात नाही. पंपवाल्याने तो तपासणीच्या बेंचवर चढवला. तीन काचेच्या नळ्यांत तिन्ही सिलिंडरचं डिझेल वेगवेगळं पडताना दिसतं. एका नळीत चक्क कमी. नोझल तपासले तर दोन फवारा मारायच्या ऐवजी ठिबकत होते. तो म्हणाला, "आण्णा, वाढवायचं नंतर बघू. आधी कंपनीएवढं तरी भरू द्या." पंप कंपनीच्या मापाला लावला, नोझल बदलले, टायमिंग पाहिलं, एअर फिल्टर नवा टाकला. सगळं मिळून आठ हजारांच्या आत. ट्रॅक्टर पुन्हा आपल्या जुन्या गिअरला निघाला. पाच एचपी विकत घ्यायला गेलो होतो, घरचेच हरवलेले परत मिळाले. या एका कामावर मी इतका खूश आहे की पुढचं सगळं त्याच खुशीच्या चष्म्यातून वाचा.

मग दोन्ही ट्रॅक्टर एकाच रानात, सारख्याच नांगराने चालवले. टाकी काठोकाठ भरायची, काम झालं की पुन्हा काठोकाठ. चुलतभावाचा एकरामागे दहा-बारा मिनिटं आधी सुटायचा आणि साधारण लिटरभर डिझेल जास्त प्यायचा. डिझेल नव्वदीच्या पुढे आहे. माझं रान माझंच आहे, दहा मिनिटं वाचवून मी कुठे जाणार?

पण मला खटकत होतं ते वेगळंच. एवढी ताकद वाढून फक्त दहा मिनिटं? कागदावर हिशेब केला. एक एचपी म्हणजे 75 किलोची ओढ सेकंदाला एक मीटर. नांगराची ओढ हजार किलो धरली आणि चाल ताशी साडेचार किलोमीटर, तर ते साडेसोळाच्या थोडे वर एचपी होतात. गिअरबॉक्स, रुतणारी चाकं, घसरण यांत जातं ते धरलं तरी 45 च्या बरंच आत बसतं. म्हणजे सावकाश नांगरटीत इंजिन आधी कमी पडत नाही, चाकाची पकड आधी सुटते. पकड येते वजनातून आणि स्क्रू फिरवून वजन वाढत नाही.

हे कुणीही तपासू शकतो. मागच्या टायरवर खडूची रेघ मारा. नांगर उचलून चाकाच्या दहा फेऱ्यांत किती अंतर जातं ते मोजा, मग नांगर लावून पुन्हा दहा फेऱ्या. दुसऱ्या वेळी अंतर जेवढं कमी भरेल तेवढी घसरण. दहा-पंधरा टक्के चालतात. चुलतभावाचा ट्रॅक्टर वीसच्या पुढे गेला. वाढवलेल्या डिझेलचा बराच भाग टायर घासण्यात चालला होता. मी मागच्या टायरमध्ये पाणी भरून घेतलं. व्हॉल्व्ह वर ठेवून त्याच्या पातळीपर्यंत भरलं की साधारण पाऊण टायर भरतो. या मापाच्या टायरला दोनशे लिटरच्या आसपास बसतं, म्हणजे दोन्ही मिळून चारशे किलोच्या घरात वजन. पाणी बोअरचं, खर्च शून्य. पंक्चर काढणारा मात्र शिव्या घालतो आणि रस्त्यावर ट्रॅक्टर जड वाटतो. नांगरट संपली की पाणी काढून टाकायचं.

इथपर्यंत माझं मत पक्कं होतं की एचपी वाढवणं म्हणजे निव्वळ खुळ. रोटरने ते थोडं हलवलं.

रोटरला, म्हणजे फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणाऱ्या रोटाव्हेटरला, ताकद चाकातून जात नाही, थेट पीटीओतून (अवजार फिरवणाऱ्या मागच्या दांड्यातून) जाते, त्यामुळे पकडीचा प्रश्नच मिटतो. 45 चा ट्रॅक्टर म्हटलं तरी पीटीओला साधारण चाळीसच्या आसपासच मिळतात. नेमका आकडा पाहायचा तर मध्य प्रदेशातल्या बुदनीच्या सरकारी संस्थेचा चाचणी अहवाल बघावा, सेल्समनचं तोंड बघू नये. सहा फुटी रोटर खोलवर लावला की माझा रडतो. चुलतभावाचा रडत नव्हता. एकाच फेरीत माती भुगा. तो भाड्याची कामं करतो, एकरावर पैसे घेतो, रांगेत गिऱ्हाईक उभं असतं. त्याला दहा मिनिटांचे पैसे मिळतात. त्या दिवशी मी घरी येऊन म्हणालो की त्याच्यापुरतं त्याचं बरोबर आहे.

मग उन्हाळा आला.

सोलापूरचं मेमधलं ऊन कुणाला सांगायला नको. पण इंजिनासाठी त्याचा अर्थ वेगळा असतो. हवा तापली की विरळ होते. 25 अंशांवरून 44 वर गेली की साधारण सहा टक्के विरळ. शिवाय आपण समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास वर आहोत, तिथे आणखी पाच टक्के जातात. टर्बो नसलेलं इंजिन जेवढी हवा ओढेल तेवढीच ओढतं. म्हणजे नेमकं ज्या महिन्यात हवा सगळ्यात कमी, त्याच महिन्यात तुम्ही पंपातून जास्तीचं डिझेल सोडता. चुलीत ओलं सरपण कोंबल्यासारखं होतं. जास्तीचं डिझेल नीट जळत नाही, काळा धूर होतो, सायलेन्सर आणि पिस्टनची उष्णता वाढते.

आणि ही उष्णता दाखवणार कोण? डॅशबोर्डवरचा तो काटा. त्याच्यावर मला पोटभर बोलायचं आहे. लाखोंचा ट्रॅक्टर, तासांचं मीटर डिजिटल, मोबाइल चार्जिंगची सोय, आणि इंजिनाच्या तापमानाच्या काट्यावर एक आकडा नाही. हिरवा पट्टा, लाल पट्टा, संपलं. हिरव्याचं टोक म्हणजे 90 की 105? काटा हिरव्यातच असतो, असतो, आणि मग एकदम लाल. तोवर हेड गॅस्केटचं जे व्हायचं ते होऊन जातं. शेतकऱ्याला आकडे वाचता येत नाहीत असं वाटतं काय यांना? आम्ही साखरेचा उतारा दशांशात वाचतो. सर्व्हिसवाल्याला विचारलं तर म्हणतो, "हिरव्यात आहे ना, मग टेन्शन घेऊ नका." शेवटी आकडे दाखवणारं मीटर बाहेरून बसवून घेतलं. नांगरटीला 84-85, मेमध्ये रोटरला 92. चुलतभावाला तसलंच मीटर बसवायला लावलं तर त्याचा 98 च्या पुढे गेला आणि कंपनीचा काटा तरीही हिरव्यात!

त्यात आपल्याकडे पाचट. रेडिएटरच्या पुढची जाळी उसाच्या पाचटीने आणि धुळीने तासाभरात भरते. जाळी झाडली की माझ्या मीटरवर चार-पाच अंश खाली येतात. मी हे मीटर बसवल्यापासून प्रत्येकाला दाखवतो, बायको म्हणते आता ट्रॅक्टरला सलाईन लावा.

आता क्लचचं. प्लेट जेवढी पिळ सोसण्यासाठी बनवलीय तेवढीच सोसणार. इंजिन वाढलं, प्लेट तीच. चुलतभाऊ दोन ट्रॉल्या ऊस भरून कारखान्याच्या गव्हाणीकडे जातो, चढाला हाफ क्लचवर खेळवतो, त्यावर भाड्याचा रोटर. शोरूममध्ये मीही सोबत गेलो होतो. त्यांच्या माणसाने क्लचकडे पाहिलंच नाही, आधी वाकून पंपावरचं कंपनीचं सील पाहिलं. तुटलेलं. विषय संपला. सीलवरून त्यांचं म्हणणं खरं होतं. पण तिथेच उभ्या असलेल्या दुसऱ्या एका गिऱ्हाइकाच्या सील शाबूत असलेल्या ट्रॅक्टरची प्लेट गेली होती, त्याला "क्लच घासणारा पार्ट आहे, वॉरंटीत येत नाही" असं सांगत होते. मग आमच्या वेळी सील कशाला पाहिलं? नकार आधी ठरलेला असतो, कारण नंतर शोधतात. मी तिथे आवाज चढवला, उपयोग काही झाला नाही.

वॉरंटीपेक्षा विम्याची बाजू कुणी बोलत नाही. कंपनीने दिलेली आणि आरसीत नोंदलेली माहिती जुळणार नाही असा बदल मालकाने करायचा नाही, असं मोटार वाहन कायद्याचं कलम 52 म्हणतं. रानात कुणी बघायला येत नाही. पण उसाच्या ट्रॉल्या घेऊन हायवेला लागल्यावर काही झालं तर विमा कंपनीला कारण आयतं मिळतं.

टर्बो किटबद्दल विचारणारे आहेत. हवेचा प्रश्न त्याने सुटतो, आपल्या उन्हाळ्याला तर ते पंपाच्या स्क्रूपेक्षा शहाणपणाचं. पण कारखान्यातून टर्बो बसून येणाऱ्या इंजिनात पिस्टन आणि थंड करायची सोय त्या हिशेबाने केलेली असते. जुन्या इंजिनावर नुसता टर्बो चढवला की ते सगळं मागेच राहतं. आणि 50 एचपीच्या वरचे नवे ट्रॅक्टर 1 जानेवारी 2023 पासून ट्रेम-4 चे, म्हणजे धुराच्या नव्या कडक नियमातले, आहेत. तिथे डिझेल कॉम्प्युटर ठरवतो, बांधावरच्या मिस्त्रीचा पाना तिथे चालत नाही.

माझ्यापुरतं ठरलं आहे: वाढवायचं नाही. रोटर सहाऐवजी पाच फुटी घेतोय, जुना विकायला काढलाय. ज्यांची कमाई भाड्याच्या रोटरवर आहे त्यांनी 55 चा टर्बोवाला घ्यावा, 45 ला पिळू नये. चुलतभावाने नवी प्लेट स्वतःच्या पैशाने टाकली आणि पंप माझ्याच पंपवाल्याकडे पाठवला. बेंचवर कळलं की गावच्या मिस्त्रीने दिलेला अर्धा आटा तिन्ही नळ्यांत कंपनीच्या मापापेक्षा बराच वर होता. चुलतभाऊ सगळा काढायला तयार नाही, थोडा ठेवा म्हणतो. पंपवाला म्हणतोय, ठेवायचा असेल तर बिलावर तसं लिहून सही द्या.