ओल्ड स्पाइस ओरिजिनल आफ्टरशेव्ह : तीन ऋतूंच्या वापरानंतरचा अनुभव

ओल्ड स्पाइसविषयी कोणालाही विचारले, तर साधारणपणे दोनच उत्तरे मिळतात. एक म्हणजे ‘आमच्या वडिलांच्या कपाटात असायचे’ आणि दुसरे म्हणजे ‘त्याचा वास दोन तासही टिकत नाही’. पहिल्या उत्तरात वासाबद्दल काहीच सांगितलेले नसते आणि दुसऱ्यात त्याला जे माप लावले जाते, ते त्याचे नव्हे. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर मी ओरिजिनलची बाटली घेतली आणि तेव्हापासून हिवाळा ओलांडून आता मे महिन्याच्या उकाड्यापर्यंत, कामाच्या जवळजवळ प्रत्येक दिवशी दाढीनंतर तेच वापरले. मी पुण्यात राहतो, दाढी ब्रश, साबण आणि जुन्या धाटणीच्या दुहेरी धारेच्या ब्लेडने करतो, आणि माझी त्वचा ना फार तेलकट ना फार कोरडी, अशी आहे. पुढचे सगळे मत या तपशिलाच्या आधाराने वाचावे, कारण आफ्टरशेव्हच्या बाबतीत त्वचा, हवामान आणि दाढी करण्याची पद्धत या तीन गोष्टी बदलल्या की अनुभवही बदलतो.

आधी वासाविषयी सविस्तर लिहितो. बाटलीच्या तोंडाशी बारीक छिद्र असल्यामुळे तळहातावर ते ओतता येत नाही, शिंपडावे लागते. तीन-चार झटक्यांत पुरेसे येते. तळहात एकमेकांवर चोळून गालांना लावले की पहिल्या अर्ध्या मिनिटात नाकाला जाणवतो तो मुख्यतः ॲल्कोहोलचा झणका आणि त्यामागून येणारी संत्र्या-लिंबाच्या सालीची कडवट ताजेपणाची लकेर. या क्षणी निर्णय घेऊ नये. दुकानात बाटलीला नाक लावून ‘हे फार उग्र आहे’ असे म्हणत ती परत ठेवणारे लोक याच टप्प्यावर फसतात. ॲल्कोहोल उडून गेल्यावर लवंग आणि दालचिनी पुढे येतात, त्यांच्या पाठीशी जायफळासारखी किंचित उष्ण, किंचित लाकडी छटा असते, आणि या मसाल्यांना गोलाई देणारा फुलांचा एक पदर असतो, जो मला प्रत्येक वेळी कार्नेशनच्या फुलाची आठवण करून देतो. त्यात नवल नाही, कारण लवंगेच्या तेलाचा मुख्य घटक युजेनॉल हाच आहे आणि सुगंधी द्रव्यांच्या व्यवसायात कार्नेशनचा वास उभा करण्याचा कणा परंपरेने तोच राहिला आहे. वीसेक मिनिटांनंतर मसाला मागे सरतो आणि व्हॅनिलाची कोरडी, पावडरसारखी गोडी उरते. ही गोडी केक-बिस्किटाची नाही; तिच्यात थोडा धूप आणि थोडे जुने लाकूड आहे. माझ्या मते ओल्ड स्पाइसचा खरा गुण या तिसऱ्या टप्प्यात आहे, आणि तो अनुभवण्यासाठी अर्धा तास धीर धरावा लागतो.

आजच्या बाजारात पुरुषांसाठी मिळणाऱ्या बहुतेक स्वस्त सुगंधांचा स्वभाव याच्या अगदी उलट आहे. १९८२ च्या द्राकार न्वार आणि १९८८ च्या कूल वॉटर या पुरुषांच्या परदेशी परफ्यूमपासून जी थंड, धातूसारखी, नुकत्याच धुतलेल्या कपड्यांची ताजेपणाची तऱ्हा रुजली, तिच्या छोट्या-मोठ्या नकलांनी आपल्याकडचे डिओड्रंटचे कप्पे भरलेले आहेत. त्या फवारल्या की लिफ्टमध्ये सर्वांना कळते. ओल्ड स्पाइस असे दूरवर जात नाही. ते हातभर अंतरात राहते, हस्तांदोलन करणाऱ्याला किंवा शेजारी बसलेल्याला जाणवते आणि तिथेच थांबते. ऑफिसमध्ये बंद, वातानुकूलित खोलीत तासन्‌तास बैठका चालतात, तिथे मला हा मितभाषीपणा अतिशय मोलाचा वाटतो.

टिकण्याच्या तक्रारीचे उत्तर साध्या गणितात आहे. आफ्टरशेव्ह लोशनमध्ये सुगंधी द्रव्याचे प्रमाण साधारणपणे एक ते तीन टक्के असते, कोलोनमध्ये दोन ते पाच टक्क्यांच्या आसपास, तर ओ द पार्फम या अधिक तीव्र प्रकारात ते पंधरा टक्क्यांच्या घरात किंवा त्याही वर जाते. ज्या द्रवात एवढे कमी अत्तर आहे, त्याने संध्याकाळपर्यंत साथ द्यावी ही अपेक्षाच गैरवाजवी आहे. माझ्या चेहऱ्यावर ते पहिला तासभर स्पष्ट असते, त्यानंतर आणखी दोन-तीन तास अगदी जवळून जाणवते. मात्र आपले नाक स्वतःच्या वासाला फार लवकर सरावते, त्यामुळे ‘गेला’ असे आपल्याला वाटते तेव्हा तो इतरांसाठी गेलेला असतोच असे नाही. याची खातरजमा करायची असेल, तर सुती रुमालाच्या कोपऱ्यावर दोन थेंब टाकून तो खिशात ठेवावा. दुपारी जेवणाच्या सुट्टीत रुमाल बाहेर काढला की व्हॅनिला आणि धुपाची छटा अजून तिथे असते. सुती कापड हा सुगंध त्वचेपेक्षा बराच अधिक काळ धरून ठेवते, म्हणून ज्यांना टिकाऊपणा हवा आहे त्यांनी मानेमागे, सदऱ्याच्या कॉलरच्या आतल्या बाजूला एखादा थेंब लावावा. फक्त सदरा रेशमी किंवा फिक्या रंगाचा असल्यास आधी कडेला तपासून घ्यावे.

हा वास मुळात आला कुठून, हे ठाऊक असले तर तो अधिक कळतो, असे माझे प्रामाणिक मत आहे. विल्यम लाइटफूट शुल्ट्झ यांनी १९३४ मध्ये न्यू यॉर्कमध्ये शुल्टन कंपनी सुरू केली. १९३७ मध्ये त्यांनी बाजारात आणलेले पहिले ओल्ड स्पाइस स्त्रियांसाठी होते, आणि पुरुषांसाठीचे त्याच्या पुढच्या वर्षी, म्हणजे १९३८ मध्ये आले. घरात वाळलेली फुले आणि मसाले एकत्र करून सुगंधासाठी वाडग्यात ठेवण्याची जी जुनी रीत आहे, तिची शुल्ट्झ यांच्या आईच्या घरातील आठवण या सुगंधामागे होती, असे सांगितले जाते. वास नाकाशी धरला की ते पटतेही, कारण वाळलेले फूल आणि मसाला यांची जोडी आजही त्यात स्पष्ट आहे. मांडणीसाठी अमेरिकेच्या वसाहतकाळाची कल्पना निवडली गेली आणि पुरुषांच्या वस्तूंवर शिडाची जहाजे आली. त्यांतले ग्रँड टर्क हे मॅसॅच्युसेट्समधल्या सेलम बंदराचे खरे जहाज होते आणि १७८० च्या दशकात ते चीनमधल्या कँटनपर्यंत जाऊन आले होते. पुढे याच सेलमने सुमात्राच्या काळ्या मिरीच्या व्यापारावर मोठी श्रीमंती मिळवली. म्हणजे मसाला आणि जहाज यांची सांगड निव्वळ सजावटीची नाही. सुरुवातीच्या बाटल्या तर काचेच्याही नव्हत्या. ओहायोमधल्या हल पॉटरीने घडवलेल्या त्या मातीच्या सुरया होत्या.

मसाल्याच्या या गोष्टीत आपल्या बाजूचाही एक धागा आहे. कोकणात नारळी-पोफळीच्या बागांमध्ये जायफळ, दालचिनी, लवंग, मिरी ही आंतरपिके म्हणून घेतली जातात आणि दापोलीच्या कृषी विद्यापीठाने ‘कोकण तेज’ ही दालचिनीची जात त्यासाठीच विकसित केली. रत्नागिरीकडच्या नातेवाइकांच्या बागेत दालचिनीचे हिरवे पान चुरगळून वास घेतला, तेव्हा त्यात मला दालचिनीपेक्षा लवंगच अधिक जाणवली. दालचिनीच्या पानाच्या तेलात युजेनॉलच प्रमुख असते आणि सालीत सिनॅमाल्डिहाइड, म्हणजे दालचिनीचा ओळखीचा वास देणारे द्रव्य, हे नंतर वाचनात आले. ओल्ड स्पाइसमध्ये या दोन्ही तऱ्हा एकत्र नांदतात. ज्याचे नाक घरच्या मसाल्याच्या डब्यावर वाढले आहे, त्याला हा सुगंध परका वाटण्याचे खरे तर कारण नाही.

‘पूर्वीसारखे राहिले नाही’ ही तक्रार मात्र मला अर्धवट मान्य आहे. शुल्टन कंपनी १९७१ मध्ये अमेरिकन सायनामिडकडे गेली आणि १९९० मध्ये ओल्ड स्पाइस प्रॉक्टर अँड गँबलने घेतले. या काळात काही जुनी कस्तुरीसदृश रासायनिक द्रव्ये त्वचेच्या व प्रकृतीच्या कारणांनी सगळ्याच व्यवसायातून बाद झाली, आणि १९७३ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय सुगंध संघटनेने युजेनॉल, सिनॅमाल्डिहाइड यांसारख्या मसाल्याच्या घटकांवरही मर्यादा घातल्या. तेव्हा एवढ्या जुन्या सुगंधात काही फरक पडणे अपरिहार्य होते, आणि त्वचेला जपणारा फरक मला तरी स्वागतार्ह वाटतो. अमेरिकेत राहणाऱ्या माझ्या आतेभावाने तिथली, हल्ली प्लॅस्टिकच्या बाटलीत मिळणारी, कोलोनची बाटली आणली होती. दोन्ही मनगटांवर एकेक लावून मी बराच वेळ तुलना केली. तिथल्याची सुरुवात अधिक गोड आणि पातळ वाटली, तर आपल्याकडच्या लोशनमध्ये लवंग अधिक ठळक आणि पावडरचा पदर अधिक दाट होता. अमेरिकेतील जुन्या पद्धतीने दाढी करणाऱ्या हौशी मंडळींत भारतात तयार झालेल्या ओल्ड स्पाइसला मुद्दाम मागणी असते, त्याचे कारण मला या तुलनेत सापडले. आपल्या कोपऱ्यावरच्या दुकानात सहज मिळणाऱ्या वस्तूची एवढी कदर साता समुद्रापलीकडे होते, याचा मला मनापासून आनंद आहे.

आता त्वचेविषयी. हे ॲल्कोहोलचे लोशन आहे आणि ते झोंबते. नवीन ब्लेडने, घाई न करता, केसांच्या दिशेने दाढी केली असेल तर तो चटका दोन-तीन सेकंदांचा असतो आणि त्यामागून येणारा गारवा सुखद वाटतो. ब्लेड बोथट असेल किंवा उलट्या हाताने दोनदा फिरवले असेल, तर तेच लोशन चांगलीच आग करते. या अर्थाने ते दाढी कशी झाली याची रोजची पावती देते. मी आधी गार पाण्याने चेहरा धुतो, तुरटीचा खडा हलकेच फिरवतो, ती मिनिटभर राहू देऊन पुन्हा धुतो, चेहरा टिपून पूर्ण कोरडा करतो आणि मगच लोशन लावतो. तुरटी बारीक कापलेल्या जागचे रक्त थांबवते. ते काम आफ्टरशेव्हकडून होण्याची अपेक्षा करू नये. हिवाळ्यात, डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या हवेत, नुसते लोशन लावले की गाल ओढल्यासारखे होत, म्हणून त्या दिवसांत दहा मिनिटांनी वरून साधे, बिनवासाचे मॉइश्चरायझर लावणे मला आवश्यक ठरले. ज्यांना मुरुमांचा, इसबाचा किंवा दाढीनंतर पुरळ येण्याचा त्रास आहे, त्यांनी हे चेहऱ्याला लावूच नये. वास आवडत असेल तर तो कपड्यावर घ्यावा.

ऋतूंचा परिणाम मला वाटला होता त्याहून मोठा निघाला. पावसाळ्यात, हवेत ओल असताना, मसाला आणि धूप सर्वांत सुंदर उमलतात; छत्री झटकून ऑफिसात शिरताना कॉलरमधून येणारी लवंगेची ऊब मला या सगळ्या महिन्यांतला उत्तम अनुभव वाटतो. थंडीत वास जवळ राहतो पण अधिक वेळ टिकतो. मे महिन्यात मात्र दुपारच्या घामाबरोबर व्हॅनिलाची गोडी जड होते, म्हणून उन्हाळ्यात मी प्रमाण निम्म्यावर आणले आणि दुपारी ते पुन्हा लावणे पूर्ण थांबवले. कोकणातल्या दमट उकाड्यात राहणाऱ्यांना माझा सल्ला असा की, ते रात्री, अंघोळीनंतर वापरून पाहावे.

राहिला ‘म्हाताऱ्यांचा वास’ हा आक्षेप. सत्तर-ऐंशीच्या दशकांत हे लोशन वापरणारे तरुण आज साठी-सत्तरीत आहेत, एवढाच त्याचा अर्थ. दूरदर्शनवरच्या जाहिरातीत लाटांवर स्वार झालेला तो जवान पाहून ज्यांनी पहिली बाटली घेतली, ते काही वृद्ध दिसण्यासाठी ती घेत नव्हते. वास ज्या माणसांमुळे आपल्या ओळखीचा होतो, त्यांचे वय आपण त्या वासाला चिकटवतो. ज्याने लहानपणी तो घरात कधी घेतलाच नाही, अशा आमच्या कार्यालयातल्या एका तरुण सहकाऱ्याने मला हे कोणते नवे परफ्यूम आहे असे विचारले आणि नाव ऐकून तो अवाक झाला. म्हणून वय पाहून नव्हे, आवड पाहून निर्णय घ्यावा. ज्यांना लवंग, दालचिनी, धूप, जुने लाकूड आवडते त्यांना हे आवडेल. ज्यांना फक्त लिंबू आणि समुद्राचा ताजेपणा हवा आहे, त्यांच्यासाठी हे नाही.

किमतीचा मुद्दा मी मुद्दाम शेवटी ठेवला आहे, कारण स्वस्त आहे म्हणून चांगले म्हणा, असे मला सुचवायचे नाही. एका बऱ्या परदेशी परफ्यूमच्या पैशात याच्या दहा बाटल्या सहज येतात आणि त्यामुळे हात आखडता घ्यावा लागत नाही, हा रोजच्या वापरातला मोठा दिलासा आहे. रोज वापरूनही एक मोठी बाटली कित्येक महिने पुरते. पहिल्यांदा घेणाऱ्याने ५० मिलीची लहान बाटली घ्यावी, खोक्यावर ‘ओरिजिनल’ हेच लिहिलेले आहे याची खात्री करावी, कारण मस्क आणि फ्रेश लाइम हे त्याच नावाखाली मिळणारे प्रकार पूर्णपणे वेगळे आहेत, आणि बाटली न्हाणीघरातल्या खिडकीत उन्हात न ठेवता कपाटात, झाकण घट्ट लावून, गॅस आणि निरांजनापासून दूर ठेवावी.